विश्लेषण : १९४२ साली वऱ्हाड-नागपूरच्या महिलांनी मागितलेली जागा अजून रिकामी का?

निवडणुकीच्या दिवशी अंजनगाव सुर्जीत मतदान केंद्रावर दोन रांगा लागतात. एक पुरुषांची, एक महिलांची. महिलांची रांग घरचं पाणी, स्वयंपाक आणि मजुरीची वेळ सांभाळून लागते. आत गेल्यावर यादीत नाव सापडतं, बोटाला शाई लागते, बटण दाबलं जातं. दोन मिनिटांचं काम.

या रांगेत उभ्या असलेल्या अनुसूचित जातीतल्या महिलेला मत देता येतं, हे आता कुणाला विशेष वाटत नाही. पण एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. तिच्यासारखी, तिच्या समाजातली एखादी महिला या मतदारसंघातून निवडून विधानसभेत गेली आहे का?

मतदारसंघाची फेररचना झाल्यापासून तरी उत्तर 'नाही' असंच आहे. अंजनगाव सुर्जी तालुका दर्यापूर विधानसभा मतदारसंघात येतो आणि ही जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. फेररचनेनंतरच्या पहिल्या निवडणुकीत, २००९ साली, इथून अभिजित अडसूळ निवडून आले. २०१४ साली रमेश बुंदिले, २०१९ साली बळवंत वानखडे आणि २०२४ साली गजानन लवटे. पक्ष बदलले, चिन्हं बदलली. चारही आमदार पुरुष.

यात या चौघांपैकी कुणाचाही दोष नाही. लोकांनी मतं दिली, ते निवडून आले. प्रश्न त्या जागेच्या रचनेचा आहे आणि तो आजचा नाही. ८० वर्षांपूर्वी नागपुरात भरलेल्या एका परिषदेत हा प्रश्न महिलांनी स्वतः मांडला होता. त्या परिषदेच्या अध्यक्ष अमरावतीच्या होत्या. त्यांचं नाव सुलोचनाबाई डोंगरे.

सुरुवात एका शाळेपासून

सुलोचनाबाईंच्या परिषदेपर्यंत पोहोचण्याआधी आणखी एका महिलेची ओळख करून घ्यावी लागते. जाईबाई चौधरी.

जाईबाईंचा जन्म १८९२ साली नागपूर जिल्ह्यातल्या उमरेडचा. महार समाजातलं गरीब कुटुंब. १८९६ च्या दुष्काळात घर सोडून हे कुटुंब नागपुरात आलं. १९०१ साली, वयाच्या नवव्या वर्षी, जाईबाईंचं लग्न बापूजी चौधरी यांच्याशी झालं. सासरी हलाखीच होती. नागपूर-कामठीच्या भागात डोक्यावर ओझी वाहण्याचं काम त्या करायच्या.

तिथे ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंनी त्यांना पाहिलं. त्यांच्या मदतीने जाईबाई लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुढे मिशनच्या शाळेत महिना चार रुपये पगारावर शिक्षिका झाल्या. ओझं वाहणारी मुलगी हातात खडू घेऊन फळ्यासमोर उभी राहिली. गोष्ट इथे संपली असती, तर ती एक छान प्रेरणादायी कहाणी झाली असती.

पण शिक्षिका महार आहे हे कळल्यावर सवर्ण पालकांनी मुलांना शाळेत पाठवणं बंद केलं. जाईबाईंना नोकरी सोडावी लागली.

त्यांनी पुन्हा ओझं उचललं नाही. १९२२ साली त्यांनी नागपुरात मुलींसाठी स्वतःची शाळा काढली. शाळेला नाव दिलं संत चोखामेळ्याचं. विठ्ठलाच्या देवळाबाहेर उभं राहावं लागलेल्या संताचं नाव, वर्गाबाहेर काढलेल्या शिक्षिकेच्या शाळेला. या निवडीत काय म्हणायचं होतं, ते महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं समजावून सांगण्याची गरज नाही.

अमेरिकेतली दुसरी जाईबाई

जाईबाईंची गोष्ट एकट्या नागपूरची वाटू शकते. पण त्याच काळात, हजारो मैलांवर, जवळपास हीच गोष्ट आणखी एका महिलेच्या वाट्याला येत होती. तिचं नाव नॅनी हेलन बरोज.

वऱ्हाड आणि अमेरिका यांचा काय संबंध, असं वाटत असेल तर कापूस आठवावा. अमेरिकेच्या दक्षिण भागातला कापूस गुलामांच्या मेहनतीवर पिकत होता आणि इंग्लंडच्या गिरण्यांना जात होता. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात हा पुरवठा तुटला आणि इंग्रज व्यापारी वऱ्हाडच्या कापसाकडे वळले. भाव चढले, रेल्वे आली, बाजारपेठा उभ्या राहिल्या. पुढे १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि दलित वस्त्यांमधल्या महिलांना गिरणीत काम मिळू लागलं. ज्या युद्धाने अमेरिकेतली गुलामगिरी संपवली, त्याच युद्धाने वऱ्हाडच्या शेतीचं अर्थकारण बदललं. महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं. दोन्हीकडच्या दुःखाचं नातं महाराष्ट्राला तेव्हाच कळलेलं होतं.

नॅनी यांचा जन्म १८७९ सालचा, व्हर्जिनिया राज्यातला. गुलामगिरी संपून जेमतेम १४ वर्षं झाली होती. राजधानी वॉशिंग्टनमध्ये त्यांनी चांगलं शिक्षण घेतलं. तिथल्या शाळांमध्ये शिक्षिका व्हायचं त्यांच्या मनात होतं, ती नोकरी मिळाली नाही. कृष्णवर्णीयांच्या बाप्टिस्ट चर्चच्या कामात त्या पडल्या आणि १९०० साली, वयाच्या २१ व्या वर्षी, चर्चच्या राष्ट्रीय अधिवेशनात उभं राहून त्यांनी एक भाषण केलं. विषय सरळ होता. चर्चचा गाडा महिला ओढतात, मग त्यांना काम करण्यापासून अडवलं का जातं? त्या भाषणानंतर चर्चच्या महिलांचं वेगळं संघटन उभं राहिलं आणि नॅनी त्याच्या प्रमुख कार्यकर्त्या झाल्या.

१९०९ साली त्यांनी वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय मुली आणि महिलांसाठी प्रशिक्षण शाळा उघडली. मोठ्या गोऱ्या देणगीदारांची वाट न पाहता त्यांनी आपल्याच समाजातून छोट्या छोट्या देणग्या जमवल्या. शाळेत घरकामापासून छपाईपर्यंतची कौशल्यं शिकवली जायची आणि सोबत कृष्णवर्णीयांचा इतिहासही. महिलांना मताचा हक्क मिळावा यासाठी त्या लिहीत होत्या, बोलत होत्या. मत हे कृष्णवर्णीय महिलेसाठी स्वतःच्या संरक्षणाचं साधन आहे, हा त्यांचा मुद्दा होता.

नोकरी नाकारली गेली, तर शाळाच काढायची. नागपूरच्या जाईबाई आणि वॉशिंग्टनच्या नॅनी यांची एकमेकींशी कधी ओळख झाली असेल असं म्हणायला काही आधार नाही. तरी दोघींनी शोधलेला मार्ग एकच होता.

एक फरक मात्र नोंदवायला हवा. नॅनी यांच्यामागे त्यांच्या समाजाचं स्वतःचं चर्च होतं. त्यात सभागृहं होती, देणगीची सवय होती, हजारो महिला सभासद होत्या. जाईबाईंकडे यातलं काहीच नव्हतं. मिशनच्या शाळेचं दार उघडलं आणि बंदही झालं. त्यांना सगळं शून्यातून उभं करावं लागलं.

ताट वेगळं का मांडलं?

महिलांच्या चळवळीचा इतिहास सांगताना एक गोष्ट बहुतेकदा वगळली जाते. महिलांच्या चळवळीतही सगळ्या महिला एका रांगेत नव्हत्या.

३ मार्च १९१३ रोजी वॉशिंग्टनमध्ये महिलांच्या मताधिकारासाठी मोठा मोर्चा निघाला. दक्षिणेतल्या गोऱ्या महिला नाराज होऊ नयेत म्हणून कृष्णवर्णीय महिलांनी मागे चालावं, असं त्यांना सांगण्यात आलं. पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी ते ऐकलं नाही. त्या आपल्या राज्याच्या तुकडीत जाऊन चालल्या.

१९३७ च्या डिसेंबरमध्ये नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन भरलं. शिक्षण, मताधिकार, कायद्यातल्या सुधारणा अशा विषयांवर देशभरातल्या सुशिक्षित महिला एकत्र येत होत्या. जाईबाई चौधरीही तिथे होत्या. जेवणाच्या वेळी मात्र दलित महिलांना वेगळं बसवण्यात आलं.

भाषणात समता आणि पंगतीत सोवळं. याचा निषेध म्हणून १ जानेवारी १९३८ रोजी नागपुरात दलित महिलांची सभा झाली.

हा प्रसंग केवळ अपमानाचा म्हणून वाचला तर त्यातला राजकीय मुद्दा हातातून सुटतो. 'महिला' म्हणून जागा मिळते तेव्हा ती सवर्ण महिलेला मिळते. 'दलित' म्हणून जागा मिळते तेव्हा ती दलित पुरुषाला मिळते. दलित महिला दोन्ही पंगतींच्या मधल्या मोकळ्या जागेत उभी राहते. १९३७ साली ही जागा जेवणाच्या मांडवात दिसली. आज ती उमेदवारांच्या यादीत दिसते.

तेव्हा मत कुणाला होतं?

इथे थोडं थांबून तेव्हाचा मताधिकार समजून घ्यायला हवा. आजच्यासारखं '१८ पूर्ण, नाव यादीत' असं सोपं नव्हतं.

१९१९ च्या कायद्याने महिलांना मत द्यायचं की नाही, हे ठरवण्याचं काम प्रांतांच्या कायदेमंडळांवर सोडलं. १९२१ साली मद्रास आणि मुंबई प्रांतांनी दार उघडलं. पुढच्या दशकभरात बाकीचे प्रांतही आले. पण मत मिळायचं ते मालमत्ता किंवा कर भरण्याच्या अटीवर. स्वतःच्या नावावर जमीन-घर असलेल्या महिला तेव्हा किती असणार?

१९३५ च्या कायद्याने अटी सैल केल्या. ठरावीक पात्रता असलेल्या पुरुषाची पत्नी, किंवा लिहिता-वाचता येणारी महिला, अशांना मत मिळू लागलं. देशभरात सुमारे ६० लाख महिला मतदार झाल्या. पण गिरणीत काम करणाऱ्या, विडी वळणाऱ्या किंवा दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचणाऱ्या महिलेचं काय? नवऱ्याच्या नावावर मालमत्ता नाही आणि तिला स्वतःला अक्षरओळख नाही. म्हणजे दोन्ही दारं बंद.

म्हणूनच जाईबाईंची शाळा ही केवळ समाजसेवा नव्हती. त्या काळात मुलीला वाचायला शिकवणं म्हणजे तिच्या मतदार होण्याची एक अट पूर्ण करणं होतं.

जागांचं गणितही पाहण्यासारखं आहे. याच कायद्याने मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेत ११२ जागा ठरवल्या. त्यांतल्या २० अनुसूचित जातींसाठी आणि ३ महिलांसाठी राखीव होत्या. अनुसूचित जातींतल्या महिलेसाठी वेगळी जागा? एकही नाही.

२० जुलै १९४२ : अध्यक्ष अमरावतीच्या

१८ आणि १९ जुलै १९४२ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद झाली. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन करण्याचा निर्णय इथलाच. त्याला लागूनच २० जुलैला महिलांची स्वतंत्र परिषद भरली. या परिषदेला सुमारे २५ हजार महिला होत्या, अशी नोंद आहे. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे आणि स्वागताध्यक्ष कीर्तीबाई पाटील.

वऱ्हाडातून अध्यक्ष येणं हा योगायोग म्हणता येणार नाही. १९२७ च्या नोव्हेंबरमध्ये अमरावतीत अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली होती. चळवळीची हवा वऱ्हाडात आधीपासून होती.

बाबासाहेबांचं या परिषदेतलं एक विधान आजही फलकांवर आणि भाषणांत सापडतं. समाजाची प्रगती आपण त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असा त्याचा आशय. फलकावर हे वाक्य राहिलं. ते ऐकणाऱ्या महिलांनी त्या दिवशी काय काय मागितलं, ते मात्र विस्मरणात गेलं. परिषदेचे ठराव पाहिले की थक्क व्हायला होतं.

– नवऱ्यापासून घटस्फोट घेण्याचा हक्क हवा.

– एकाहून अधिक बायका करण्यावर कायद्याने बंदी हवी.

– गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेतल्या कामगार महिलांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, शिवाय हक्काची रजा, इजा झाल्यास भरपाई आणि दीर्घ सेवेनंतर पेन्शन हवी.

– गिरणीत महिलांवर देखरेख करायला महिलाच हव्यात.

– मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृहं आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण हवं.

– कायदेमंडळांत आणि इतर प्रतिनिधी संस्थांत दलित महिलांना प्रतिनिधित्व हवं.

यातला एकही ठराव 'आमच्यावर दया करा' असं म्हणत नाही. ही हक्कांची यादी आहे. घर, कामाची जागा, शाळा आणि सभागृह, या चारही ठिकाणचे हक्क एका यादीत. हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क आणि द्विभार्या प्रतिबंध देशभर लागू झाला तो १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. म्हणजे ही परिषद त्या कायद्याच्या १३ वर्षं पुढे होती.

कोणती मागणी पूर्ण झाली, कोणती राहिली?

यादीतल्या बऱ्याच गोष्टी नंतर कायद्यात आल्या. अंमलबजावणीचं रडगाणं आहेच, पण कायदा तरी आहे.

मताचा प्रश्न राज्यघटनेने एका झटक्यात सोडवला. मालमत्तेची अट गेली, शिक्षणाची अट गेली. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक प्रौढ महिला मतदार होती. तरीही त्या वेळी देशभरात सुमारे २८ लाख महिलांची नावं यादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशी नोंद केली होती. हक्क मिळाला तरी तो स्वतःच्या नावाने वापरायला वेळ लागतो, याचा हा पुरावा.

अमेरिकेत हा वेळ आणखी लांबला. १९२० च्या घटनादुरुस्तीने महिलांना मत मिळालं, पण दक्षिणेतल्या राज्यांनी कर, लेखी परीक्षा आणि धाकदपटशा वापरून कृष्णवर्णीयांना दूर ठेवलं. खरी मोकळीक १९६५ च्या कायद्याने मिळाली. नॅनी बरोज ज्या वॉशिंग्टन शहरात राहिल्या, त्या शहराच्या रहिवाशांना राष्ट्राध्यक्ष निवडण्याचा हक्कच मार्च १९६१ पर्यंत नव्हता. नॅनी मे १९६१ मध्ये गेल्या. ज्यांनी आयुष्यभर मताधिकारासाठी आवाज उठवला, त्यांच्या शहराला तो हक्क त्यांच्या शेवटच्या दोन महिन्यांत मिळाला आणि पुढची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक यायला अजून तीन वर्षं होती.

आता प्रतिनिधित्वाचा ठराव. घटना समितीत देशभरातून एकच दलित महिला होत्या, दाक्षायणी वेलायुधन. स्थानिक पातळीवर खरा बदल झाला तो १९९२-९३ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने. पंचायती आणि नगरपालिकांत महिलांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महत्त्वाचं म्हणजे अनुसूचित जातींसाठी राखीव जागांमध्येही महिलांचा वाटा ठरवून दिला गेला. महाराष्ट्राने २०११ साली महिलांचा वाटा निम्म्यावर नेला. अंजनगाव सुर्जी नगर परिषदेत आज अनुसूचित जातीतल्या महिलेसाठी प्रभाग राखीव असू शकतो, तो याच तरतुदीमुळे. १९३५ च्या कायद्याने रिकामी ठेवलेली जागा इथे भरली गेली.

पण नगर परिषदेच्या वर गेलं की शिडी तुटते. विधानसभा आणि लोकसभेत अनुसूचित जातींसाठी जागा आहेत, पण त्यात महिलांचा ठरलेला वाटा प्रत्यक्षात अजून आलेला नाही.

अमरावती जिल्हा महिलांना निवडून देत नाही, असं म्हणता येत नाही. उषाताई चौधरी १९८० आणि १९८४ साली इथून लोकसभेत गेल्या. १९९१ साली प्रतिभाताई पाटील गेल्या, पुढे राष्ट्रपती झाल्या. विधानसभेत यशोमती ठाकूर आणि सुलभा खोडके यांची नावं आहेत. पण या सगळ्या खुल्या जागा होत्या. लोकसभेची जागा राखीव झाल्यावर २०१९ साली नवनीत राणा निवडून आल्या, तो अपवाद. त्यांच्या जात प्रमाणपत्राचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने ते वैध ठरवलं. दर्यापूरच्या राखीव जागेवर मात्र असा अपवादही झालेला नाही.

मग २०२३ च्या कायद्याचं काय?

सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेने १०६ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. नारी शक्ती वंदन अधिनियम. लोकसभा आणि विधानसभांत महिलांना एक तृतीयांश जागा. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांमध्येही एक तृतीयांश महिलांसाठी. कागदावर पाहिलं तर १९४२ च्या ठरावाला ८१ वर्षांनी मिळालेला होकार.

पण २०२३ साली मंजूर झालेल्या या कायद्यातच एक अट घातली होती. आधी जनगणना, मग त्या आकड्यांवर मतदारसंघांची फेररचना आणि त्यानंतर आरक्षण. म्हणूनच २०२४ च्या लोकसभा आणि विधानसभा निवडणुका या कायद्याविना झाल्या. महाराष्ट्राच्या २८८ जणांच्या विधानसभेत महिला आमदारांच्या संख्येने पंचविशीही गाठली नाही.

ही अट तांत्रिक असल्याचं सांगितलं जातं. कोणत्या जागा राखीव करायच्या हे ठरवायला ताजे आकडे हवेत, हा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. पण महिला ही लोकसंख्येतली अशी गोष्ट नाही की जी एका जनगणनेत सापडते आणि दुसऱ्यात नाही. निम्म्या लोकसंख्येला तिचा वाटा द्यायला नव्या मोजणीची वाट पाहणं कुणालाही पटण्यासारखं नाही.

'महिलेच्या नावावर नवराच कारभार करतो' हा आक्षेप

दर वेळी हा विषय निघाला की चौकातल्या टपरीवर एक वाक्य ठरलेलं असतं. 'बाईले काय समजते राजकारणातलं? सही तिची, कारभार त्याचा.'

हे घडतं. सरपंचपती आणि नगरसेविकेचे यजमान हा प्रकार वऱ्हाडात कुणाला अनोळखी नाही. पण या वाक्याचा निष्कर्ष चुकीचा काढला जातो. नवरा खुर्ची बळकावतो, म्हणून बाईला खुर्ची देऊ नका, हा न्याय उलटा आहे. चोरी होते म्हणून घरमालकाला घरातून काढत नाहीत.

दुसरं म्हणजे हा आक्षेप नवा नाही. महिलांना मत दिलं तर त्या नवरा सांगेल तिथेच देतील, असं मताधिकाराच्या वेळीही म्हटलं जायचं. आज कुठला पक्ष असं म्हणायची हिंमत करेल? उलट प्रत्येक निवडणुकीत महिलांसाठीच्या योजनांची स्पर्धा लागते. मतदार म्हणून महिलेचं मत स्वतंत्र आहे, हे पक्षांना पुरतं ठाऊक आहे. उमेदवार म्हणून मात्र तिच्यावर शंका घ्यायची, हा सोयीचा दुटप्पीपणा आहे.

तिसरा मुद्दा अनुभवाचा. गिरणीतल्या रजेचे दिवस मोजून ठरावात मांडणाऱ्या महिलांना कुणी कारभार शिकवला होता? त्यांना प्रश्न ठाऊक होते, कारण त्या ते जगत होत्या.

थोडक्यात मुद्दा काय?

मताचा हक्क आणि बसण्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मिळाली की दुसरी आपोआप मिळते, हा समज जाईबाई, सुलोचनाबाई आणि नॅनी बरोज या तिघींच्या आयुष्याने खोटा ठरवला. महिला म्हणून मिळालेल्या वाट्यात दलित महिला आपोआप येत नाही आणि दलित म्हणून मिळालेल्या वाट्यातही आपोआप येत नाही. तिचा वाटा नाव घेऊन लिहावा लागतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने तो लिहिला, म्हणून नगर परिषदेत ती दिसते. विधानसभेत तो अमलात आलेला नाही, म्हणून ती दिसत नाही. इतकं साधं गणित आहे.

आणि पक्षांना कायद्याची वाट पाहण्याचं कारणही नाही. दर्यापूरसारख्या राखीव जागेवर महिलेला तिकीट द्यायला कुठलीही घटनादुरुस्ती लागत नाही, जनगणना लागत नाही. लागतो तो फक्त पक्षाच्या बैठकीतला निर्णय. अंजनगाव सुर्जी आणि दर्यापूरच्या पालिका-पंचायतींमध्ये गेल्या तीन दशकांत राखीव जागांवरून निवडून आलेल्या, सभागृहात बसलेल्या, पाणी आणि रस्त्यासाठी भांडलेल्या महिला आहेत. 'योग्य महिला उमेदवार मिळत नाही' हे उत्तर आता चालण्यासारखं नाही.

अंजनगाव सुर्जीचं नाव इतिहासाच्या पुस्तकात ३० डिसेंबर १८०३ च्या तहासाठी येतं. शिंदे आणि इंग्रज यांच्यातला तो तह शाळेतल्या प्रत्येक मुलाला परीक्षेपुरता तरी पाठ असतो. याच जिल्ह्यातल्या एका महिलेच्या अध्यक्षतेखाली २० जुलै १९४२ रोजी हजारो महिलांनी केलेला ठराव मात्र कुठल्या मुलीला पाठ नाही. तो पाठ करायची गरजही नाही. पुढच्या निवडणुकीत प्रचाराला दारात येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या कार्यकर्त्याला मतदान केंद्रावरच्या त्या रांगेतल्या महिलेने एवढंच विचारावं : आमची जागा कुठे आहे?